वाडा रिकामा करण्यापूर्वी: बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यांना खुले पत्र

रावपुरा, दांडिया बाजार, बाजवाडा, घडियाळी पोळ आणि आसपासच्या भागांतील जुन्या वाड्यांच्या मालकांस व त्यांच्या वारसांस,

स. न. वि. वि.

मी मांडवीजवळच्या एका पस्तीच्या, म्हणजे रद्दीच्या, दुकानात नोकरी करते. आपल्यापैकी काही जण मला चेहऱ्याने ओळखत असतील, कारण दिवाळीच्या साफसफाईत किंवा वाडा बिल्डरच्या ताब्यात देण्याच्या आधीच्या आठवड्यात आपली गाठ पडते. आपण रिक्षा नाहीतर टेम्पो भरून आणता, शेठ काटा लावतात आणि मी गठ्ठे सोडून वर्तमानपत्रे, पुठ्ठा, छापील पुस्तके आणि ‘जुने’ असे चार ढीग करते. हे पत्र त्या चौथ्या ढिगाबद्दल आहे.

विनंती एकच आहे. वाड्यातले हाताने लिहिलेले जुने कागद, आणि त्यातही दुकानाच्या, पेढीच्या व घरखर्चाच्या वह्या, मोडी वाचणाऱ्या माणसाच्या नजरेखालून एकदा गेल्याशिवाय आणि त्यांचे फोटो निघाल्याशिवाय काट्यावर ठेवू नयेत. मी ज्यांचे मीठ खाते त्यांच्याच धंद्याविरुद्ध हे लिहिते आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. शेठना मी हे पत्र वाचून दाखवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, दुकान वर्तमानपत्रांवर आणि पुठ्ठ्यावर चालते, चौथ्या ढिगावर आजवर कोणाचे पोट भरलेले नाही.

त्या ढिगाचे पुढे काय होते हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, म्हणून सांगते. सर्वांत आधी स्टॅम्पपेपर निघतात. बडोदे संस्थानच्या कोर्टफीच्या कागदांना संग्राहकांत मागणी आहे. त्यामुळे काही खरेदीदार छापील शिक्क्याचा वरचा भाग तेवढा कापून घेतात आणि खालचा मजकूर, म्हणजे ज्याच्यासाठी तो कागद मुळात विकत घेतला होता ती फिर्याद, ते वाटणीपत्र किंवा तो कबुलीजबाब, आमच्या पायाशी टाकून जातात. मग हातकागदाच्या कोऱ्या आणि अर्ध्या कोऱ्या पानांचा नंबर लागतो. जयपूर-उदयपूरकडे जुन्या कागदावर लघुचित्रे रंगवून पर्यटकांना विकण्याचा धंदा आहे, आणि तिथे शंभर वर्षांपूर्वीचा, कोपऱ्यात दोन ओळी लिहिलेला कागद हवाच असतो, कारण त्याच्यामुळे काल काढलेले चित्र जुने वाटते. आपल्या पणजोबांचा जमाखर्च एखाद्या हत्तीच्या स्वारीच्या पाठीवरून परदेशातल्या भिंतीवर जाऊन बसला असेल, तर नवल वाटायला नको. उरलेले सगळे वापीच्या कागद गिरण्यांकडे लगद्यासाठी रवाना होते. आपल्या हाती किलोमागे दहा-पंधरा रुपये पडतात. त्यात टेम्पोचे भाडेही सुटत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर तर एवढेही झाले नाही. वाडे सोडून नदीच्या बाजूच्या सोसायट्यांत राहायला गेलेल्या घरांतून तळमजल्यावरच्या पेट्या पाण्यासकट आमच्याकडे आल्या. ओला कागद वजनाला जास्त भरतो, म्हणून तो कोणताच पस्तीवाला घेत नाही. त्या पेट्यांतले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), लाल कापडी बांधणीचे चोपडे आणि पत्रांची भेंडोळी दुकानाच्या दारातून परत फिरून थेट कचऱ्याच्या गाडीत गेली. एका रुमालाची गाठ सोडून मी पाहिली होती. शाई पसरली नव्हती, अक्षर स्वच्छ वाचता येत होते, फक्त पाने एकमेकांना चिकटली होती. आठवडाभर पंख्याखाली ठेवली असती तर ती वाचली असती.

मोडी मी एका निवृत्त शिक्षकांकडे शिकले. सराईत कारकुनाचे घाईचे अक्षर अजूनही मला अडवते. पण वही कशाची आहे, कोणत्या सालातली आहे आणि तिच्यात नेहमीपेक्षा काही वेगळे आहे का, एवढे सांगण्यापुरते वाचता येते. त्यातूनच पुढचे सारे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्याला वाटेल, बडोद्याच्या कागदपत्रांची एवढी काळजी कशाला, संस्थानचे दफ्तर तर जपलेले आहेच. ते खरे आहे. सयाजीराव महाराजांच्या कारभाराला कागद लावून ठेवण्याची शिस्त होती, आणि दफ्तरातले निवडक कागद १९३० च्या दशकापासून संस्थानाने छापूनही काढले. पुढे पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादित करणाऱ्या रियासतकार सरदेसायांचे तारुण्य याच शहरात, महाराजांच्या नोकरीत गेले, हे आपल्या घरांतून अभिमानाने सांगितले जाते. पण सरकारी दफ्तरात दरबार भेटतो, फौज भेटते, महसूल आणि रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीची कचेरी, भेटते. बाजार तिथे क्वचित भेटतो, आणि घर तर जवळजवळ भेटतच नाही. या शहरातल्या काही मोठ्या गोष्टींचे धागे मात्र बाजारात आणि घरांतच अडकलेले आहेत.

सर्वांत मोठे उदाहरण आपल्याला माहीत असलेलेच आहे, तरी ते दुकानातल्या माणसाच्या बाजूने पाहावे म्हणून सांगते. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल फेअर फिरून परत आले, नेहमीप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे एक-दोन घोट त्यांनी घेतले, आणि चव बिघडलेली वाटून उरलेले सरबत फेकून दिले. पेल्याच्या तळाशी काळसर गाळ दिसला. त्यात सोमल (आर्सेनिक हे विष) आणि हिऱ्याची पूड असल्याचे तपासात सांगण्यात आले. रेसिडेन्सीतल्या नोकरांचे आणि तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांचे जबाब घेण्यात आले, जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी उभी राहिली. अध्यक्षस्थानी बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच होते. त्यांच्याबरोबर ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, सर दिनकरराव, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल बसले होते, आणि महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील विलायतेहून आले होते.

आता एवढ्या थाटामाटाच्या चौकशीत मुद्द्याचा प्रश्न काय होता ते पाहा. सोमल आणि हिरे या दोन्ही वस्तू दुकानात मिळतात. म्हणजे एका राजाची गादी ज्या प्रश्नावर टांगली गेली होती तो असा होता की कोणी, कोणत्या दुकानातून, केव्हा आणि काय नेले. हेमचंद फत्तेचंद या जवाहिऱ्याला त्यासाठी साक्षीला आणले गेले. आयोगापुढे आल्यावर मात्र त्याने आधीची जबानी फिरवली आणि ती आपल्याकडून पोलिसांनी दडपणाखाली घेतल्याचे सांगितले. त्यात खरे कोण बोलत होते, यावर दीडशे वर्षे झाली तरी एकमत नाही. आयोगाचेही झाले नाही. तिघा इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरले आणि तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचे पटले नाही. शेवटी विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर केले गेले आणि मद्रासला पाठवले गेले, तिथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला. इकडे कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळ मे महिन्यात दत्तक येऊन सयाजीराव झाला.

या प्रकरणातले इंग्रजी कागद छापले गेले, चाळले गेले, त्यांवर पुस्तके झाली. परंतु ते दिवस दिवाळीचे होते, म्हणजे बाजारात जुनी वही मिटून पूजा करून नवी उघडण्याचे होते, आणि त्या दिवाळीत मांडवीपासून चांपानेर दरवाज्यापर्यंत शेकडो वह्या उघडल्या गेल्या असणार. सराफांच्या, गंधी-पसाऱ्यांच्या, दरबारला माल पुरवणाऱ्यांच्या त्या वह्यांत कोणते देणे अचानक थांबले, कोणी उधारी घाईने वसूल केली, अटकेनंतर कोणाच्या खात्यावर काट मारली गेली, हे कोणीही पाहिलेले नाही. त्यातून विषप्रयोगाचा उलगडा होईल असे मी म्हणत नाही. बहुधा होणार नाही. पण राजा कैदेत असताना या शहराने बाजार कसा केला, हे सांगणारे दुसरे साधन आपल्याकडे नाही. म्हणून ज्यांच्या घरी संवत १९३० आणि १९३१ ची (इसवी १८७३ ते १८७५) एखादी वही असेल, मग तिच्यात नुसत्या गुळाचा आणि तेलाचा हिशेब का असेना, त्यांनी ती पस्तीत घालू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरी गोष्ट आमच्या दुकानातलीच आहे. ती आपल्यापैकी एका घरची आहे आणि त्या घराचे नाव मी इथे लिहिणार नाही.

गठ्ठ्यातून एक गहाणवही निघाली. लांबट आकार, वरच्या बाजूने शिवलेली, लाल खादीचे आवरण झिजून पांढरे पडलेले. साल छप्पनचे, म्हणजे संवत १९५६, इसवी १८९९-१९००. गुजरातेत अजूनही ज्याला छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ. शिरगणतीच्या आकड्यांत १८९१ साली सुमारे २४ लाख असलेली बडोदे संस्थानची वस्ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आलेली दिसते, आणि त्यामागे दुष्काळ, रोगराई व स्थलांतर होते, हे शाळेच्या पुस्तकातही येते. वहीत तेच वस्तूंच्या रूपाने उतरलेले आहे. आषाढाच्या सुमारास सोन्याच्या किरकोळ चिजा, मग चांदीच्या हांसड्या, कडली, कांबी. पुढे पुढे पितळेची भांडी. आणि एका पानावर एका नांगराचा लोखंडी फाळ. वजन आणि रक्कम लिहून झाल्यावर नावापुढे सही नसेल तिथे ‘निशाणी नांगराची’ आणि बाईमाणूस असेल तर ‘निशाणी बांगडीची’. ज्या नोंदींवर आडवी रेघ मारून ‘सोडवून नेले’ लिहिले आहे त्या थोड्या आहेत. बाकीच्यांपुढे, दोन वर्षांनंतरच्या वेगळ्या शाईत, ‘आटणीस दिले’, म्हणजे वितळवायला दिले, असे आहे.

हे वाईट असले तरी अनपेक्षित नाही. त्या वर्षात गहाण सोडवणार कोण? मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. याच सुमारास संस्थानाने आपले बाबाशाई चलन बंद करून कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, स्वीकारला. बाबाशाई रुपयाची किंमत कलदारापेक्षा कमी होती, त्यामुळे बाबाशाईत घेतलेले कर्ज कलदारात फेडताना बट्टा धरून आकडा कमी करायला हवा. या वहीत काही ऋणकोंच्या बाबतीत तो नीट धरलेला आहे. काहींच्या बाबतीत मात्र आकडा होता तोच ठेवून फक्त रुपयाचे नाव बदललेले आहे. कोणाला बट्टा मिळाला आणि कोणाला नाही हे पाहत मी पानामागून पान उलटत गेले. ज्यांची स्वतःची सही आहे त्या बहुतेकांना तो मिळालेला होता. ज्यांच्या नावापुढे नांगर आणि बांगडी आहे त्यांना नव्हता.

ही चलाखी मालकाची होती की कारकुनाची, हे वहीवरून सांगता येत नाही. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर त्या घराने दुष्काळात धर्मादाय वाटलेल्या खिचडीचा खर्चही आहे, आणि तोही दाखवण्यापुरता नाही, बराच आहे. शिवाय दोन वर्षांनी आलेला सागवानाचा, चुन्याचा आणि सुतारांच्या मजुरीचा खर्चही तिथेच आहे. वाड्याचा पुढचा चौक तेव्हा बांधला गेला असावा. सारे एका माणसाच्या अक्षरात, एका शिवणीत आहे. म्हणून मी म्हणते की अशी वही फाडून तिची पाने वेगवेगळी विकू नयेत: खिचडीचे पान तेवढे ठेवले तर ते घर पुण्यवान ठरते आणि बट्ट्याचे पान तेवढे ठेवले तर लुच्चे ठरते, आणि त्या घरातली माणसे बहुधा दोन्ही होती.

वहीत हे आहे याची त्या घरातल्या कोणाला कल्पना असावी असे मला वाटत नाही. मोडी वाचणारी शेवटची पिढी गेली की घरातले कागद घरालाच परके होतात. ज्याला वाचता येत नाही त्याला ते जपण्याचे कारण कळत नाही आणि टाकतानाही काही वाटत नाही, यात दोष देण्यासारखे काही नाही. मला राग येतो तो निवडीचा. महाराजांची सही असलेली सनद काचेत घालून दिवाणखान्यात लावली जाते, तलवारीला दसऱ्याला झेंडूची माळ मिळते, आणि ज्या वह्यांच्या जोरावर ती सनद आणि तो दिवाणखाना टिकला त्या माळ्यावर वाळवीच्या हवाली होतात. तांबेकर वाड्याच्या भिंतीवरची चित्रे सरकारने राखली, कारण चित्र कोणालाही दिसते. वही तशी दिसत नाही.

तिसरा विषय काढताना मला संकोच वाटतो, तरी तो टाळणे बरे नव्हे. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले. परदेशातल्या विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. दिवसाला दीड रुपया भाड्याने, पारशी नाव लावून, ते एका पारशी धर्मशाळेच्या अंधाऱ्या मजल्यावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. कामाठी बागेत बसून वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, त्यामुळे घटना नव्याने शोधण्यासारखी नाही. आज तिथे संकल्पभूमी म्हणून लोक नमस्काराला जातात.

पण त्या दिवसांत आपली घरे काय बोलत होती? कचेरीत त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकणारे कारकून संध्याकाळी याच पोळांत परतत होते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पत्रे जात होती, भाड्याच्या खोल्यांच्या नोंदी होत होत्या, कोणाला खोली दिली आणि कोणाला नाकारली हे घराघरांत ठरत होते. या विषयावर सरकारी दफ्तर फारसे बोलणार नाही. बोलले तर एखादे घरगुती पत्र बोलेल, आणि त्यातले वाक्य आपल्याला आवडेल याची खात्री देता येत नाही. १९१७ सालचा शिक्का असलेले पाकीट ढिगात दिसले की मी ते बाजूला ठेवते. आजवर हाती आलेल्या पत्रांत लग्नाची बोलणी, बदलीच्या तक्रारी आणि आंब्याच्या पेट्या आहेत. शोध मात्र चालू ठेवला आहे, आणि तो आपल्या माळ्यांवरच पुरा होऊ शकेल.

वरवर पाहून कागदाची किंमत ठरवू नये यालाही बडोद्याचाच दाखला आहे. संस्थानातल्या मेहसाण्याचे नरसिंहभाई पटेल यांनी बंगालच्या क्रांतिकारकांचे साहित्य गुजरातीत आणले आणि स्फोटके तयार करण्याची माहिती वनौषधींच्या पुस्तकाच्या नावाखाली छापली. पुढे त्यांना संस्थानातून हद्दपार व्हावे लागले. इंग्रज सरकारचा सयाजीरावांवरचा संशय ज्या काळात वाढत गेला तो हाच काळ. आमच्या दुकानात ढीग लावताना वरचे पान पाहूनच निवड होते, कारण वेळ नसतो. जडीबुटीचे फाटके पुस्तक छापील पुस्तकांच्या ढिगात जाते आणि संध्याकाळी गोणीत भरले जाते. घरी आपल्याला वेळ असतो. जुन्या बांधणीचे पुठ्ठेही हाताने चाचपून पाहावेत. पूर्वी पुठ्ठा जाड करण्यासाठी रद्दी कागद एकावर एक चिकटवीत असत, आणि त्यांत कधी कधी दुसऱ्याच कोणाचे पत्र सापडते.

आपले आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते काट्याशेजारी उभे राहून मी ऐकले आहेत. वाटणीचे दावे चालू आहेत आणि एखादा कागद बाहेर आला तर चुलत घराणे कोर्टात नेईल, हे भय सर्वांत मोठे. त्यावर सांगणे एवढेच की वाटणीपत्रे, खरेदीखते आणि मृत्युपत्रे आपल्यापाशीच ठेवावीत. ती कोणी मागत नाही, आणि खरे तर ती तशी पस्तीत घालण्यानेच परक्याच्या हाती जातात. दुसरा आक्षेप घराच्या अब्रूचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने बट्टा बुडवला म्हणून आजच्या कोणाची मान खाली जाण्याचे कारण मला दिसत नाही, तरी ज्यांना तसे वाटते त्यांनी कागद देताना नावे काही वर्षे उघड करू नयेत अशी लेखी अट घालावी. सरकारात दिलेला कागद पुन्हा दिसत नाही, अशीही तक्रार असते. त्यात तथ्य असो वा नसो, म्हणून तर आधी फोटो काढावेत आणि एक प्रत घरात ठेवावी. अभिलेखागार, विद्यापीठाचे प्राच्यविद्या मंदिर, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांपैकी कोणाकडे काय द्यायचे हे त्यानंतर सावकाश, त्यांच्याशी बोलून ठरवता येते. वाडा पाडण्याची तारीख ठरल्यावर मात्र सावकाश काहीच होत नाही.

कागद हाताळण्याबद्दल थोडे लिहिते, कारण चांगल्या हेतूनेही पुष्कळ नासधूस होते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तो पिवळा पडून कागदासकट अक्षर खातो. लॅमिनेशन करू नये. भिजलेली वही उन्हात वाळवू नये, तिची चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मधूनमधून शाई नसलेला कोरा कागद सरकवीत तिला वाळू द्यावे. रुमालाची गाठ सोडताना आतल्या कागदांचा क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कशाशेजारी होता यावरूनच पुष्कळदा तारीख लागते. फोटो मोबाइलने काढले तरी चालतात, फक्त खिडकीच्या उजेडात, वरून सरळ आणि पानाचा कडेपर्यंतचा भाग येईल असे काढावेत.

मराठी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनाही, जे बहुधा याच वाड्यांतले आहेत, एक सांगावेसे वाटते. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात झाले, मांडव उभे राहिले, बडोद्याच्या मराठीपणाचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. त्याच्या खर्चाचा अगदी लहान अंश लावला तरी मोडी वाचणारी दोन माणसे आणि एक स्कॅनर घेऊन वर्षभर पोळापोळांतून फिरता येईल. वक्ते बोलावण्यापेक्षा हे काम कमी देखणे आहे आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रात येणार नाहीत, हे मला मान्य आहे.

शेठनी आपल्या बाजूने एवढे कबूल केले आहे की यापुढे हाताने लिहिलेला गठ्ठा आला तर तो पंधरा दिवस वेगळा ठेवला जाईल आणि तेवढ्या मुदतीत मूळ घराला दिलेल्या भावानेच परत मिळेल. गहाणवही अजून कपाटात आहे. ती ज्यांची आहे त्यांनी येऊन न्यावी; पाने मोजून, फोटोंसह देईन, आणि तिच्यातले काय कोणाला सांगायचे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. बाकीच्यांनी टेम्पो बोलावण्यापूर्वी दुकानात निरोप ठेवला तर रविवारी मी घरी येऊन कागद पाहून जाईन. मोबदला नको. पेट्या तेवढ्या माळ्यावरून आधी खाली उतरवून ठेवाव्यात.

कळावे,

आपली नम्र,
मांडवीच्या पस्तीच्या दुकानातील नोकर